सहाला सोडाल का?

संध्याकाळी सव्वासहाला तुम्ही कुठे असता? बहुतेक कॉलेज सुटून कट्ट्यावर. कीर्तीच्या बाहेर वडापावच्या रांगेत, रुईयाच्या कट्ट्यावर, नाहीतर क्लासच्या जिन्यात. रात्री कुठे भेटायचं याची ग्रुपवर चर्चा चालू असते. नेमक्या त्याच वेळेला परळ-लालबागच्या गल्ल्यांतून तुमच्याच वयाची काही पोरं घाईघाईने चाललेली असतात. पाठीला सॅक, हातात रिकामा डबा, अंगात कुठल्यातरी कुरियर कंपनीचा नाहीतर मॉलमधल्या दुकानाचा टी-शर्ट. ती घरी निघालीत असं तुम्हाला वाटेल. ती शाळेत निघालेली असतात. साडेसहाची घंटा असते.

रात्रशाळा हा शब्द तुम्हाला नवा नाही. मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना तो आठवतो. दिवसा काम, रात्री अभ्यास, पेढा भरवणारी आई, एक फोटो, एक चौकट. तुम्ही ती बातमी स्टेटसला ठेवता आणि आम्ही पुढच्या मेपर्यंत विषय विसरून जातो. यात आमची पुरवणीही आलीच, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून या वेळी निकालाची वाट न बघता, शाळा चालू असतानाच परळच्या एका रात्रशाळेत चार संध्याकाळी जाऊन मागच्या बाकावर बसलो. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरांच्या मालकांनी ते वाचावं असं आम्हाला वाटत नाही, एवढंच कारण.

मागचा बाक म्हणालो खरा, पण त्यावर बसणं सोपं नव्हतं. इमारत दिवसाच्या प्राथमिक शाळेची. बाक चौथीच्या मुलांच्या मापाचे. अठरा वर्षांचा पोरगा त्यात बसला की गुडघे हनुवटीला लागतात. भिंतीवर दिवसाच्या मुलांनी केलेले कागदी कंदील, पाढ्यांचे तक्ते, ‘माझी आई’ या विषयावरची चित्रं. आणि फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागावर चौकोन आखून दिवसाच्या बाईंनी लिहिलेलं: पुसू नये. चौथी ब. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर रात्रीचं बीजगणित. सर सवयीने बारीक अक्षरात लिहितात.

पहिल्या संध्याकाळी साडेसहाला वर्गात सात जण होते. पटावर तेवीस. आम्हाला वाटलं, झालं, ही शाळा आता संपत आली. सरांनी हजेरी घेतली नाही. दुसऱ्या तासालाही नाही. तिसऱ्या तासाला, आठच्या सुमाराला, त्यांनी कॅटलॉग उघडला तेव्हा वर्गात एकोणीस जण होते. नंतर विचारलं तर म्हणाले, ‘पहिल्या तासाला हजेरी घेतली तर अर्ध्या वर्गाला गैरहजर लावावं लागेल. पोरं येतात हो. मालक सोडेल तेव्हा येतात.’

मग वेळापत्रक नीट पाहिलं. गणित, इंग्रजी आणि विज्ञान हे तीनही विषय पहिल्या तासाला कधीच नव्हते. तिथे हिंदी, इतिहास, आणखी असंच काहीबाही. म्हणजे बुडला तरी चालेल असं ज्याला समजलं जातं ते. मुख्याध्यापकांनी हे वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बसवलेलं. कागदावर त्यांचं नाव असलं तरी रात्रशाळेचं वेळापत्रक खरं तर आजूबाजूचे दुकानदार, कॅटरर आणि सुपरवायझर ठरवतात. दहावीतला एक पोरगा हसत हसत म्हणाला, ‘इतिहासाच्या पहिल्या तीन धड्यांना मी नव्हतोच. डायरेक्ट चौथ्यात एंट्री.’ त्या दिवसांत दुकानात सेल होता.

आता तुम्हाला ही सगळी बिचारी, थकलेली, डोळे मिटत चाललेली मुलं वाटत असतील तर तसं काही नाही. वर्ग म्हणजे वर्ग असतो. मागच्या बाकावरून खडूचे तुकडे येतातच. कुणीतरी कुणाकडे तरी बघत असतं आणि सगळ्या वर्गाला ते माहीत असतं. गृहपाठ न करण्याची कारणं मात्र दिवसाच्या शाळेपेक्षा अस्सल: ‘सर, काल रात्री माल उतरवायचा होता.’ गणवेश नाही, त्यामुळे वर्ग म्हणजे आजच्या मध्य मुंबईच्या रोजगाराचा नकाशाच. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला हजर होणारा एक. मिरची गल्लीतल्या मसाल्याच्या दुकानातला एक, तो बसला की दोन बाक सोडून शिंका सुरू होतात आणि त्याला त्याचा अभिमान आहे. हॉस्पिटलच्या कँटीनमधला एक. जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत हाऊसकीपिंग करणाऱ्या दोन मुली. आणि अडतीस वर्षांची एक बाई. मुलगी आठवीत गेल्यावर ‘आता तिला काय विचारलं तर मला आलं पाहिजे’ म्हणून तिने नाव घातलं. पोरं पहिल्या आठवड्यात तिला काकू म्हणाली. ‘वर्गात ताई म्हणायचं, नाहीतर वही दाखवणार नाही,’ असं तिने सुनावल्यावर सगळे सरळ झाले. वर्गातली सगळ्यात पूर्ण वही तिची असते, त्यामुळे पर्यायही नाही.

मधली सुट्टी दहा मिनिटांची. त्यात खाणं, फोन, भांडण आणि समेट. दुपारी एकला जेवलेल्या पोराच्या पोटात रात्री आठला काय असणार? काही रात्रशाळांना याबाबतीत आधार मिळतो. ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून मुंबईतल्या रात्रशाळांबरोबर काम करते. खाऊ, पुस्तकं, विज्ञानाचे प्रयोग यांची सोय करते. बाकी ठिकाणी गेटबाहेरचा वडापाव. खेळाचा तास नाही, मैदानावर दिवाच नसतो. पण खेळ नाही असं मात्र नाही. श्रावणात साडेनऊला शाळा सुटली की यातलीच चार-पाच जणं थेट गोविंदा पथकाच्या सरावाला. आणि गणपतीचे दहा दिवस? लालबागात रस्ते बंद, शाळेपर्यंत पोचणंच अशक्य, आणि कामाचा सगळ्यात मोठा मोसम. हार, मसाला, डेकोरेशन, जेवणावळी. तुम्ही त्या दहा दिवसांत रांगेत उभं राहून जे काही विकत घेता, त्यातलं बरंचसं तुमच्या हातात देणारा या वर्गातला असू शकतो.

गॅदरिंग रविवारी होतं. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळेल असा तोच काय तो वार. आणि रविवार म्हणजे आठवड्याच्या सुट्टीचा दिवस हे इथल्याच लोकांनी लढून मिळवलंय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. परीक्षेत कदाचित आला असेल हा प्रश्न, एक मार्काला. पण एक मार्काच्या पलीकडे त्याचा अर्थ असा की कामगाराच्या वेळेतला एखादा तुकडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा मान्य झालं.

रात्रशाळेची गोष्ट याच वेळेच्या हिशोबाची आहे. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग चालवले. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग, ज्याला अजून सगळे डिलाईल रोडच म्हणतात, तो यांच्या नावाचा. त्याच १९११ च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. बारा! १९२२ मध्ये तो अकरा झाला, १९३४ मध्ये दहा. दिवसातला एकेक तास सुटत गेला तशी रात्रीच्या वर्गात बसायला माणसाला जागा होत गेली. परळच्या चाळींत वाढलेल्या नारायण सुर्व्यांनी हातावरची कामं करत करत सातवीची परीक्षा दिली आणि पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा कवितासंग्रह १९६६ चा. त्या नावामागे केवढी वर्षं आहेत हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढचं तुम्ही घरात ऐकलंच असेल. भोंगे थांबले, चिमण्या थंड झाल्या, आणि काही वर्षांनी त्याच जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. बऱ्याच जणांना वाटतं, गिरण्यांबरोबर रात्रशाळाही संपल्या असतील. रात्रशाळा गिरणीवर नव्हे, कामावर अवलंबून होती. काम गेलं नाही, फक्त त्याचे कपडे बदलले. गिरणी कामगाराला निदान भोंगा होता. पाळी संपली की भोंगा वाजायचा आणि त्यानंतरचा वेळ त्याचा. आजच्या डिलिव्हरीवाल्याचा, कॅटरिंगवाल्याचा, दुकानातल्या पोराचा भोंगा कुठे वाजतो? ‘एवढं एक पार्सल टाकून जा’ म्हटलं की साडेसहाचे सात, सातचे आठ.

इथे आमचं म्हणणं सरळ सांगून टाकतो. रात्रशाळेला वह्या द्या, दप्तरं द्या, नको कोण म्हणतंय. पण त्या पोरांना सगळ्यात जास्त हवा आहे संध्याकाळी सहा ते साडेसहा हा अर्धा तास. तो देणं कुठल्या देणगीदाराच्या हातात नाही. तो मालकाच्या हातात आहे. आणि मालक म्हणजे कुणी लांबचा खलनायक नव्हे. तो तुमचा काका असू शकतो, सोसायटीचा सेक्रेटरी असू शकतो, तुमच्या क्लासचे सर असू शकतात.

यात उपकाराचा भाग किती आणि कायद्याचा किती, तेही बघा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयासाठी. म्हणजे आठवी झाली की हक्क संपला. नववी-दहावी तुमच्या नशिबाची. दुसऱ्या बाजूला बालमजुरीचा कायदा. १९८६ चा, २०१६ साली दुरुस्त झालेला. चौदाच्या खाली कामाला ठेवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. चौदा ते अठरा वयाबद्दल काय म्हटलंय हे मात्र फारच थोड्यांना. धोक्याच्या कामावर बंदी आहे, एवढ्यावर तो थांबत नाही. या वयाच्या मुलाचा कामाचा दिवस, मधली विश्रांती धरून, सहा तासांच्या वर जाता कामा नये. ओव्हरटाइम नाही. आठवड्याला सुट्टी. आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात त्याला कामावर ठेवायचंच नाही. पुन्हा वाचा. सात वाजता कायद्यानेच ते पोर सुटलेलं असायला हवं. फुलबाजारात पहाटे चारला उभा राहणारा सतरा वर्षांचा मुलगा या हिशोबात कुठेच बसत नाही, आणि आपण सगळे त्याच्याकडूनच दसऱ्याला झेंडू घेतो.

अठरा पूर्ण झालेल्यांचं आणखी वेगळं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ती दहा करायला मान्यता दिली. गुंतवणूक वाढेल, जादा पैसे मिळतील, अशी त्यामागची कारणं दिली गेली. असतीलही खरी. पण नऊला लागलेला माणूस नऊ तासांनी सुटला तर सहा वाजतात आणि दहा तासांनी सुटला तर सात. सरकारी फाईलवर तो एक तास आहे. परळच्या त्या वर्गात तो पहिला पूर्ण तास आणि दुसऱ्याची सुरुवात आहे. या निर्णयावर इतकी चर्चा झाली, त्यात रात्रशाळा हा शब्द आमच्या तरी कानावर आला नाही.

शिक्षकांची बाजूही अशीच बेवारस. पूर्वी दिवसाच्या शाळेतले शिक्षक रात्री इथे शिकवत. मे २०१७ च्या शासन निर्णयाने अशा दुहेरी नोकरीवाल्यांना रात्रशाळेतून कमी केलं. बेरोजगार शिक्षकांना संधी मिळावी हा मुद्दा ऐकायला पटण्यासारखा होता. प्रत्यक्षात अनेक वर्गांत एका रात्रीत फळ्यासमोरचा ओळखीचा माणूस गेला. आम्ही पाहिलेल्या शाळेत विज्ञान आणि गणित दोन्ही एकच सर शिकवतात, आणि पाऊस जास्त असेल तर मराठीही.

‘मग ऑनलाइन का शिकत नाहीत?’ हा प्रश्न तुमच्यापैकी निम्म्यांच्या ओठावर आला असेल. शिकतात की. लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ बघतात, दीडपट स्पीडने, तुमच्यासारखंच. ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून का बसत नाहीत?’ तेही करतात काही जण. पण आम्ही हाच प्रश्न हाऊसकीपिंगवाल्या मुलीला विचारला तेव्हा ती म्हणाली, ‘दिवसभर मला कुणी नावाने हाक मारत नाही. इथे हजेरीत मारतात.’ यावर आमच्याकडे पुढचा प्रश्न नव्हता.

आणि दहावीला काय अर्थ उरलाय, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे नापास, किंवा परीक्षेलाच न बसलेला, जास्त मागे पडतो. सिक्युरिटीच्या नोकरीलाही दहावीचं सर्टिफिकेट विचारतात. मसाल्याच्या दुकानातल्या पोराला आयटीआयला जायचंय, वायरमनचं करायचंय. त्याला नव्वद टक्के नकोत, फॉर्म भरता येईल एवढे हवेत.

आता तुम्ही. काही जण लगेच म्हणतील, आम्ही शिकवायला येतो. चांगली गोष्ट आहे, पण आधीच सांगतो, या शाळांनी तीन शनिवार येऊन ग्रुप फोटो काढून गायब झालेले पुष्कळ स्वयंसेवक पाहिलेत. जायचं असेल तर मार्चपर्यंत जा, नाहीतर जाऊ नका. त्यापेक्षा आधी एक सोपं काम करा. तुमच्या घरच्या दुकानात, बाबांच्या ऑफिसच्या पँट्रीत, तुमच्या जिममध्ये, ताईच्या लग्नाच्या कॅटररकडे जो सोळा-सतराचा पोरगा आहे, ज्याला सगळे छोटू नाहीतर बारक्या म्हणतात, त्याला खरं नाव विचारा आणि कितवीपर्यंत शिकला ते विचारा. नववी-दहावीत सुटली असेल तर जवळची रात्रशाळा कुठे आहे ते शोधून द्या. मधल्या मुंबईत ती चालत जाण्याच्या अंतरावर निघू शकते. आणि मग घरात विषय काढा: याला सहाला सोडाल का? बाबा पहिल्यांदा नाही म्हणतील. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं, हे खरंच आहे. त्या वेळी दुकानात कोण थांबणार, असं ते विचारतील. तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते उत्तर ‘मी थांबतो, सात ते नऊ’ असं असू शकतं. कट्टा थोडा उशिरा सुरू होईल.

रात्री जाग्या राहणाऱ्या शाळेने या शहराला काय दिलंय त्याचं एक वेगळंच उदाहरण दादर स्टेशनसमोर आहे. छबिलदास. १९७४ पासून तिथल्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं सुरू केली आणि शाळेच्या नावाने एक अख्खी रंगभूमी ओळखली जाऊ लागली. त्या काळातली नाटकवाली मंडळीसुद्धा नोकऱ्या करून, संध्याकाळी सुटून, जिने चढून येत. त्यांना ऑफिस वेळेवर सोडत होतं, हा त्या चळवळीच्या इतिहासातला न लिहिलेला भाग असावा, असं आम्हाला आता वाटतं.

चौथ्या संध्याकाळी तिसऱ्या तासाला हजेरी चालू होती. सर एकेक नाव घेत होते. फुलबाजारवाल्याचं नाव आलं आणि कुणीच ओ दिली नाही. सरांनी पेन टेकवलं, उचललं, दाराकडे बघितलं, पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. शेवटच्या नावापर्यंत जाऊन पुन्हा मागे आले आणि त्याचं नाव परत एकदा घेतलं. जिन्यावरून धावत आल्याचा आवाज आला. सॅक खांद्यावरच, दारातूनच: ‘हजर, सर.’ ताईंनी सरकून जागा केली आणि आपली वही त्याच्यापुढे ढकलली. सरांनी कॅटलॉग मिटला आणि फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर वर्गसमीकरण लिहायला घेतलं.